लॉन कोण निंदतं?

त्या दिवशी सकाळी उघडीप पडली होती. भादव्यातली झड लागून राहिली होती, ती रात्रीच कधीतरी सरली आणि उजाडलं ते लख्ख ऊन घेऊनच. ओल्या मातीतून वाफ निघत होती. धरणाकडचा वारा पडला होता. पाऊस गेल्याची बातमी सगळ्यांच्या आधी गवताला लागली होती.

"एवढं मोठं लॉन... निंदतं कोण हे?" केरूबाबांनी कुंपणापलीकडून विचारलं.

"कोणीच निंदत नाही, बाबा," टिपणीस साहेब म्हणाले. "येणारा-जाणारा स्तुतीच करतो."

केरूबाबा त्यांच्याकडं बघत राहिले. मग हसायला लागले, ते पार ठसका लागेपर्यंत हसले.

साहेबांना काही उमगेना. दादरला जन्मलेला माणूस, सगळी हयात औषधाच्या कंपनीत गेलेली. निंदा त्यांना चांगली ठाऊक होती. कंपनीत पोटभर ऐकली होती, केलीही होती. पण पिकातलं तण खुरपून काढण्यालाही इकडं निंदणंच म्हणतात, हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं.

बाबांनी सांगितलं. साहेब थोडे ओशाळले.

"मग ते आमची माणसं करतात," ते म्हणाले. "दर गुरुवारी येतात."

नोकरीतून सुटल्यावर साहेबांनी नाशिकबाहेर, धरणाच्या वाटेला बंगला बांधला होता. पुढं लॉन. त्याची निगा राखायला शहरातली मंडळी ठरवलेली. ती गाडी घेऊन यायची, यंत्र फिरवायची, फवारा मारायची, कडा कापायची आणि जायची. साहेब व्हरांड्यात खुर्ची टाकून बघायचे.

तारेच्या कुंपणाला लागून केरूबाबांची कौलारू खोली. बाबा पूर्वी गोदेच्या काठाकाठानं हिंडलेले, आता एका जागी टेकलेले. लोक येऊन काहीबाही विचारायचे, बाबा काहीबाही सांगायचे. नाम मात्र त्यांनी फार थोड्यांना दिलं होतं.

साहेबांना ते नाम हवं होतं.

हौस म्हणून नव्हे. साहेबांना झोप नव्हती. उशीला डोकं टेकलं की कंपनीतली माणसं येऊन उभी राहायची. ज्यानं बढती अडवली तो. ज्यानं कान भरले तो. स्वतःच्या निरोपाच्या समारंभात ज्यानं साहेबांचं नावच घ्यायचं राहू दिलं, तो तर रोजच. साहेब अंधारात एकेकाला जाब विचारायचे. उजाडेपर्यंत डोकं भणभणायचं. डॉक्टरांच्या गोळ्या झाल्या, तळपायाला तेल झालं. आता काहीही करून हे थांबवायचं, असं त्यांनी मनाशी पक्कं केलं होतं.

"बाबा, मला नाम द्या," त्या उघडिपीच्या सकाळी ते म्हणाले.

बाबांनी लॉनवरून नजर फिरवली.

"आधी हे निंदा. मंग बघू."

"मी?"

"तुमी."

"अहो, ती माणसं या कामात मुरलेली आहेत. त्यांच्याकडं यंत्र आहे. मी हात घालून काय करणार?"

"मंग नाम बी त्यांनाच देतो," बाबा म्हणाले. "तीच जपतील तुमच्यावाटचं."

साहेब व्हरांड्यातल्या खुर्चीकडं परतले.

गुरुवारी गाडी आली. गांगुर्डे म्हणून मुकादम होता, हसतमुख माणूस. साहेबांनी त्याला फाटकातच गाठलं आणि आता येऊ नका म्हणून सांगितलं.

"आमचं काही चुकलं का, साहेब?"

"काही नाही. मीच करणार आहे."

गांगुर्डेनं साहेबांच्या गुडघ्यांकडं पाहिलं. जाताना गाडीतलं एक खुरपं काढून कुंपणाला अडकवून गेला.

"यंत्र फिरवून भागायचं नाही," एवढंच म्हणाला. "लव्हाळा आहे तुमच्यात."

दुसऱ्या दिवशी साहेब लॉनमध्ये उकिडवे बसले आणि तसेच मागं कलंडले. व्हरांड्यातून मंदाकिनीबाईंनी, त्यांच्या बायकोनं, ते पाहिलं. त्या आत गेल्या आणि जेवायचा पाट घेऊन आल्या.

"हा घ्या. तुमचा हट्ट काही खाली बसायचा नाही, तुम्ही तरी नीट बसा."

साहेब पाटावर बसले. लव्हाळ्याचं, त्या चिवट तणाचं, एक पातं धरून ओढलं. ते टपकन हातात आलं. साहेबांना बरं वाटलं. दुसरं ओढलं, तिसरं ओढलं. दुपारपर्यंत एक पट्टा स्वच्छ झाला. पाठ मोडून आली, पण त्या रात्री कंपनीची माणसं थोडी उशिरा आली.

दोन रात्री गेल्या आणि त्याच पट्ट्यात सुयांसारखी पाती पुन्हा वर.

तेव्हा साहेबांनी खुरपं खाली घातलं आणि पाहिलं. पात्याच्या तळाशी, बोटभर खोल, काळी गाठ होती. पातं तुटलं तरी गाठ मातीत राहत होती आणि पुन्हा फुटत होती. म्हणजे आतापर्यंत त्यांनी नुसती केशकर्तनं केली होती.

मग साहेब इरेला पडले. पातं धरायचं नाही. बाजूनं खुरपं घालायचं, माती सैल करायची, बोटं आत घालून गाठ चाचपायची आणि मुळासकट उचलायची. घाई केली की गाठ निसटते. बळ केलं की तुटते. हळूहळू हाताला समजायला लागलं. नखांत माती बसली ती निघेना. ऑक्टोबरची उन्हं सुरू झाली, मान काळी पडली. मंदाकिनीबाई टोपी आणून डोक्यावर ठेवायच्या, ती खाली पडायची, त्या पुन्हा ठेवायच्या.

कोणी ओळखीचं आलं की म्हणायचं, "अहो, माणूस लावा की."

"होता," साहेब म्हणायचे. मान वर करायचे नाहीत.

दसरा झाला. लॉन मधून साफ झालं, उगवतीला झालं, फाटकापाशी झालं. पण केरूबाबांच्या कुंपणालगतचा पट्टा काही हटेना. आज काढावं, उद्या पुन्हा हजर. साहेबांनी तिथं खोल खणलं. गाठीला गाठ, दोरा ओवल्यासारखी, सरळ तारेखालून पलीकडं गेलेली...

साहेबांनी मान वर केली. पलीकडं केरूबाबांचं अंगण. गुडघाभर लव्हाळा, पेरल्यासारखा माजलेला.

त्याच आठवड्यात गांगुर्डे वाटेनं चालला होता. साहेबांनी त्याला हाक मारली आणि कुंपण दाखवलं.

"आम्हाला माहीत होतं, साहेब," गांगुर्डे म्हणाला. "सगळं बाबांकडूनच येतं. आम्ही आपले अलीकडून फवारा मारायचो आणि बाबांना रामराम घालून निघायचो. तारेच्या पलीकडं आमचं काम नव्हतं."

साहेब घरात आले ते तणतणतच.

"स्वतःचं अंगण बघा म्हणावं. गुडघाभर माजलंय. आणि आम्हाला उन्हात बसवतो. मी आपला हाताची सालं काढतोय आणि हा मनुष्य पलीकडून मला बी पुरवतोय."

"निंदताय होय," मंदाकिनीबाई म्हणाल्या.

"तुला विनोद सुचतात."

"मग जाऊन सांगा त्यांना."

"सांगू कसं? नाम द्यायचं त्यांच्या हातात आहे. उद्या म्हणाले, जा, नाही देत... तर?"

मंदाकिनीबाई भाजी निवडत होत्या. त्यांनी हात थांबवला नाही.

"आणि नाही सांगितलंत, तर तो पट्टा जन्मभर काढत बसाल."

साहेब त्या रात्री जागेच होते. कंपनीतलं कोणी आलं नाही. केरूबाबा आले होते. साहेबांनी त्यांना जाब विचारायला तोंड उघडलं आणि मग उठून पाणी प्यायले. हे असं अंधारात नाही, स्वतःशी म्हणाले. सकाळी तोंडावर सांगायचं. नाम जावो नाहीतर राहो.

सकाळी बाबा दारापुढं बसून वाकळ उन्हात घालत होते. साहेब फाटकानं वळसा घालून गेले आणि लव्हाळ्यात उभे राहिले.

"बाबा, तुमचं अंगण निंदायला हवं."

"निंदा," बाबा म्हणाले.

साहेब थांबले. अंगण निंदा की मला निंदा, त्यांना कळेना. विचारायला गेले. आणि जे आलं ते आलं.

"तुम्ही मला उन्हात बसवलंत. गुडघे गेले माझे. मी गाठ न् गाठ उचलली आणि तुम्ही इथं बसून बघत होतात. तुम्हाला माहीत होतं ना, हे इथूनच येतंय? एका शब्दानं बोलला नाहीत. लोक पाया पडतात तुमच्या. कशाला पडतात?"

"आणिक?" बाबा म्हणाले. वाकळेची घडी त्यांनी मोडली, दुसऱ्या बाजूनं पसरली.

"आणखी म्हणजे... माणसानं राबायचं आणि दुसऱ्यानं वर बसून राहायचं, हे मी खूप पाहिलंय. कंपनीतल्या त्या सबनिसानंही हेच केलं. काम माझं, खुर्ची त्याची. त्याच्या निरोपाच्या दिवशी त्यानं सगळ्यांची नावं घेतली. शिपायाचं घेतलं. माझं घेतलं नाही. मी पहिल्या रांगेत बसलो होतो, बाबा. हार हातात धरून बसलो होतो, त्याच्यासाठी आणलेला..."

बोलणं बाबांवरून कंपनीत कधी गेलं, साहेबांचं साहेबांनाच कळलं नाही. ते बोलत राहिले. ऊन कौलांवरून अंगणात उतरलं. कुंपणापलीकडं मंदाकिनीबाई दारात येऊन उभ्या राहिल्या आणि आत गेल्या.

बाबा मधूनमधून म्हणायचे, "आणिक?"

शेवटी साहेबांनी तोंड उघडलं, आणि त्यात काही नव्हतं...

"आणखी काही नाही," ते म्हणाले.

"मंग बसा."

बाबांनी खोलीतून एक खुरपं आणलं. पातं झिजून बोटाएवढं राहिलेलं. ते साहेबांपुढं टाकलं आणि स्वतः साहेबांच्या शेजारी मातीतच फतकल मारून बसले. साहेबांना पाट आठवला नाही. तेही मातीत बसले.

बाबा लव्हाळा उपटायला लागले. मूठ भरून धरायचे आणि हिसकायचे. पाती हातात यायची, गाठी सगळ्या खाली. साहेब बघत होते. सांगावंसं वाटलं, ओठापर्यंत आलं. मग त्यांनी बाबांच्या मागोमाग खुरपं घातलं आणि बाबांनी खाली ठेवलेल्या गाठी एकेक करून उचलू लागले.

पुढं बाबा, मागं साहेब.

कुंपणापासून दारापर्यंतची वाट मोकळी झाली. पलीकडच्या बांधापर्यंत अजून सगळं तसंच होतं, आणि बांधाच्याही पुढं, दुसऱ्याच्या पडीक रानात, तेच वाऱ्यावर डोलत होतं. साहेबांनी एकदा तिकडं पाहिलं, मान खाली घातली आणि पुढची गाठ धरली.

ती मोठी होती. खोल गेलेली. साहेबांनी बाजूची माती सैल केली, कोपरापर्यंत हात घातला.

बाबांनी कमरेवर हात ठेवून पाठ सरळ केली.

"साहेब..."

"हं."

"नाम घ्यायचं म्हणत होता तुमी."

"घ्यायचंय, बाबा." साहेबांनी वर पाहिलं नाही. बोटं मातीत चाचपत होती, गाठीच्या खालून वळत होती. "पण थांबा जरा. ही तुटेल नाहीतर."

बाबा थांबले. वाकून त्या हाताकडं बघत राहिले... मग गुडघ्यावर तळवा दाबून उठले, मुठीतली पाती झाडली आणि खोलीकडं वळले.

"हातात आलं की सांगा," ते म्हणाले. "मी तवर च्या टाकतो."