न कातरणारा अडकित्ता

बंधाऱ्याचे दगड अजून नवे आणि पांढरे होते, त्या काळातली ही गोष्ट. बोरखळीत भागी नावाची एक सून आली. बोलायला कमी, बघायला पुरेपूर. बाप तांबट. तोफेवरच्या एका म्हाताऱ्या गोलंदाजानं मोडीत घातलेलं, मापं काढायचं पितळी यंत्र त्यानं वितळवलं नाही. गोलंदाजाकडूनच त्याचा हिशेब शिकून घेतला, लेकीला शिकवला आणि तेच तिच्या रुखवतात मांडलं. एका खिळ्यावर उघडमीट करणारी दोन लांब पाती, पात्यांवर रेघा, रेघांवर आकडे.

सासरे झिपाबाबांनी ते उलटंसुलटं करून पाहिलं. "अडकित्ता दिसतोय," म्हणाले आणि सुपारी घातली. सुपारीवर ओरखडासुद्धा उठला नाही.

"बोथट दिलाय गं तुझ्या बापानं!" सासू म्हणाली.

भागीनं यंत्र पुसून ठेवलं. पहिल्या महिन्यात सुनेनं अडकित्त्यावरून वाद घालू नये, एवढं तिला कळत होतं.

गावच्या पाटावर चार हात लांब एक दगडी उंबरा होता. त्याला सात खाचा, आणि एकेका खाचेचं पाणी एकेका वस्तीला. पहिली खाच अप्पासाहेब इनामदारांच्या मळ्याची. सातवी शेवटच्या वस्तीची, म्हणजे भागीच्या सासरची. पहिलीतून पाणी धो धो जाई, सातवीतून शेळीच्या धारेएवढं. तीन वर्षं वस्तीचा गहू गुडघ्याएवढा होऊन वाळत होता. यंदाही वाळला तर वस्ती उठणार होती. भागीच्या अंगाची हळद पुरती उतरली नव्हती, आणि तिचा नवरा उखा गाडीला वंगण घालत बसला होता.

खाचा लहानमोठ्या आहेत हे काय गावाला दिसत नव्हतं? दिसत होतं. पण दोरीची घडी घालून दोन वाटे होतात, चार होतात, आठ होतात. सात कसे करायचे?

"सात हा साती आसरांचा आकडा," अप्पासाहेब सांगत. "पाण्याच्या देवता त्या. त्यांनीच पाडल्यात या खाचा. सातात वाटणं माणसाचं काम नव्हे." एवढं ऐकलं की गाव हात जोडून घरी.

पाट सोडायच्या दिवशी सगळं गाव उंबऱ्यापाशी जमलं. भागी पदर खोचून कोरड्या पाटात उतरली. हातात ते पितळी यंत्र.

"अगं, सुपारी कातर जा!" अप्पासाहेब हसले. "पाणी कातरतेस होय?"

गाव हसलं. हसून होईपर्यंत भागी थांबली. मग तिनं उंबऱ्याच्या लांबीचा दोरा घेतला आणि यंत्राच्या पात्यांत मावावा म्हणून त्याची आठपदरी घडी केली. दोन्ही पात्यांच्या सातव्या रेघांमध्ये ती घडी नेमकी ताणून बसेल इतकं यंत्र उघडलं. मग पहिल्या रेघांमध्ये जेवढं अंतर राहिलं, तो घडीचा सातवा हिस्सा; घडी आठपदरी, म्हणून ते दगडावर आठदा टाकलं. तो झाला एक वाटा.

"पहिल्या खाचेत दीड वाटा आहे," ती म्हणाली. "सातवीत अर्धा."

"आसरांचा कोप होईल, पोरी!"

"आसरा बहिणी बहिणी ना, अप्पासाहेब? मग धाकली उपाशी असताना थोरली जेवते कशी?"

आता कुणी हसलं नाही. अप्पासाहेबांनी तिच्या हातातलं यंत्र ओढलं. तिनं ते इतकं घट्ट धरलं होतं की ओढता ओढता पाती तिच्या हातात रुतली. त्यांनी ते भिरकावलं ते थेट बंधाऱ्याच्या डोहात.

"सोडा पाणी!"

पाणी सोडलं. आणि असं म्हणतात, की ते उंबऱ्यापर्यंत आलं आणि थांबलं. भिंतीसारखं उभं राहिलं. सातवीतून नाही, तिसरीतून नाही, पहिलीतूनही थेंब नाही. एक दिवस, दोन दिवस, तीन दिवस. भागी पाण्यापुढे कोरड्या पाटात बसून होती. झिपाबाबा तिच्यासाठी भाकरी घेऊन आले आणि तिथेच बसले. मग उखा आला. गाडी त्यानं सोडून ठेवली होती. चौथ्या दिवशी अप्पासाहेबांचा ऊस माना टाकू लागला, तेव्हा ते पायी चालत आले.

"डोहात माणसं उतरवतो. तुझं यंत्र काढून देतो."

"राहू द्या ते आसरांना," भागी म्हणाली. "मला छिन्नी द्या."

तिनं हात उघडला. असं म्हणतात, की अंगठ्यावर आणि तर्जनीवर यंत्राच्या साऱ्या रेघा आकड्यांसकट उमटल्या होत्या. तिनं ती दोन बोटं पात्यांसारखी फाकवली, पालथ्या घातलेल्या उंबऱ्याच्या कोऱ्या अंगावर खुणा केल्या आणि स्वतःच्या हातानं सात सारख्या खाचा पाडल्या. शेवटचा टवका उडाला तसं पाणी हललं. पण पहिल्या खाचेतून आधी नाही गेलं. आधी सातवीतून गेलं.

भागी गेली त्याला किती पिढ्या झाल्या, कुणी मोजलेलं नाही. पण बोरखळीत पाट सोडायच्या दिवशी अजून कुणी सुपारी कातरत नाही. विड्यात अख्खी ठेवतात. गावात त्या वर्षी आलेली सगळ्यात नवी सून पाटात उतरते आणि अंगठा-तर्जनी फाकवून साती खाचा मोजते. एरवी घरात तोंड न उघडणारी असली तरी त्या दिवशी तिनं मोठ्यानंच विचारायचं असतं, "धाकली जेवली का?"

गाव कान देऊन उभं राहतं. इनामदारांच्या घरचेही. शेवटच्या वस्तीवरून हाक येते, "जेवली!"

मगच गावात चुली पेटतात.