शिवेवरचा शेला

एका राज्यात त्या दिवशी वारा पडला होता. आभाळ भरलेलं नव्हतं आणि मोकळंही नव्हतं. पातळ ताकासारखं पांढुरकं मळभ आलं होतं. उन्हाला धार नव्हती. अशा दिवशी वाफ्यात मीठ बसत नाही. म्हणून मिठागरातली माणसं काम टाकून शिवेवर गेली, कारण तिथं त्या दिवशी दरवाजा उतरवायचा होता.

ते राज्य समुद्राकाठचं. त्याच्या वर एका अंगाला माळाचं राज्य, दुसऱ्या अंगाला डोंगराचं. तिघांच्या शिवा जिथं भेटत तिथं एक दगड होता आणि तीन दरवाजे होते. ह्या दरवाजातून त्या दरवाजात जायचं तर जकात. मीठ डोंगरात पोचेपर्यंत सोन्याच्या भावाचं होई, आणि माळावरची ज्वारी समुद्राकाठी येईपर्यंत गरिबाच्या भाकरीतून निघून जाई. तिन्ही राजे एका गुरूकडे शिकलेले. ते म्हणाले, आता पुरे. दरवाजे उतरले. लोकांनी ती लाकडं वाटून घेतली आणि चुलीत घातली.

एक वर्ष फार चांगलं गेलं. समुद्राचं मीठ होतं, माळावरच्या खाऱ्या तळ्याचं मीठ होतं, डोंगरातल्या खाणीचं लालसर मीठ होतं. आधी ज्याचं त्याच्या राज्यात. आता तिन्ही एका बाजारात. गिऱ्हाईक तिघांकडचा खडा जिभेवर ठेवी आणि मग ठरवी. विकणारे थोडे कुरकुरले, पण मीठ स्वस्त झालं आणि चांगलंही झालं.

समुद्राकाठी हाशा आणि पोशा हे दोघे भाऊ होते. वाफे शेजारी शेजारी, घर एक, मधे कुडाची भिंत. हाशा थोरला, पोशा धाकटा. कुंपणापलीकडे धावजी राही. तो मासळी सुकवी. हाशाचं मीठ, धावजीची मासळी, असं तीस वर्षं चाललेलं.

आता तिथली एक रीत सांगतो. बाजारात भाव तोंडानं बोलत नसत. शेला पसरायचा, त्याच्याखाली हात घालायचा आणि बोटं दाबून भाव करायचा. शेल्याखाली हात दोनच असत, एक विकणाऱ्याचा आणि एक घेणाऱ्याचा. आणि कुणी शेला पसरून बोलावलं तर नाही म्हणायचं नाही. नाही म्हणणं म्हणजे त्याच्या दारात थुंकणं.

भद्रशेट नावाचा एक व्यापारी होता. तो मंतरलेलं कापड विणत असे. त्यानं तिन्ही राज्यांतल्या मोठ्या मीठवाल्यांना शिवेच्या दगडापाशी बोलावलं. दगडाभोवतीची वीतभर जमीन कुणाच्याच राज्यात नव्हती. तिथं त्यानं काळा शेला पसरला.

"घाला हात," तो म्हणाला.

हाशा बिचकला. "शेट, घेणारा कोण ह्यात? सगळे विकणारेच दिसतात."

"घेणारा येईलच की. तो जातो कुठं?"

सगळे हसले. पोशानं भावाला कोपरानं ढोसलं. "दादा, लोकांत लाज आणू नकोस. शेला पसरलाय त्यांनी."

हाशानं हात घातला. रीत मोडायची नाही, एवढंच त्याच्या मनात होतं. शेल्याखाली एकवीस हात झाले. एका थंड हातानं सगळ्यांची बोटं एकेक करून दाबली, आणि भाव ठरला.

हात बाहेर आले ते मनगटापर्यंत मिठाचे होऊन. पांढरे, खरखरीत. दुखत मात्र नव्हते.

त्या दिवसापासून तिन्ही राज्यांत मिठाचा भाव एकच झाला, आणि तो दरवाजे होते तेव्हाच्या भावाहून वर होता. त्या भावानं विकलं की मीठ विकणाऱ्याच्या हातावर तीळभर वर चढे. त्याच्या खाली विकायला गेलं की मिठाचं पाणी होई. पोशानं विकलं. नवं छप्पर घातलं, मुलीचं लग्न थाटानं केलं. मीठ कोपरावर आलं.

हाशानं एक खेप विकली. मूठभर मिठासाठी एका गिऱ्हाइकानं अंगावरची घोंगडी उतरवून दिली. त्याला ते गिऱ्हाईक विसरता येईना, आणि त्यानं विकणं थांबवलं. एक दिवस धावजी कुंपणाशी आला.

"मासळी पडून आहे हाशादादा. मूठभर दे."

"घे रे. फुकट घे." हाशानं मूठ भरून दिली. धावजीच्या ओंजळीत तिचं पाणी झालं आणि बोटांतून गळून गेलं.

धावजीनं हात झटकले. समोर हाशाच्या मिठाचा माणूसभर उंच ढीग होता. धावजीनं त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि घरी जाऊन मासळी वाळूत पुरली. पुढं तो हाशाशी बोलला नाही.

हाशा आपल्या राजाकडे गेला. राजा म्हणाला, "शेला माझ्या शिवेपलीकडे पसरला. माझा न्याय दगडापर्यंतच चालतो." तो माळाच्या राजाकडे गेला. तो म्हणाला, "भद्रशेट माझी रयत नाही." तो डोंगराच्या राजाकडे गेला. त्या दरबारात बायका मुलं घेऊन आल्या होत्या, मिठावाचून मुलांचे गळे सुजलेले होते. राजाचे डोळे खाली होते. "माझ्या खाणवाल्यांना धरलं तर बाकी दोन राज्यांतले मोकळेच राहतील," तो म्हणाला. "मग माझेच मरतील."

हाशा परतताना शिवेच्या दगडापाशी बसला. दगडावर टिटवी होती. ती टिटवी बोलत असे, त्याचं तिथं कुणाला नवल नव्हतं.

"दरवाजे काढले," टिटवी म्हणाली, "न्याय मात्र तीन ठेवले. माल तिन्हीकडे फिरतो, चोर तिन्हीकडे फिरतो, कोतवाल शिवेशी थांबतो."

"मग काय करू, बाई?"

"समुद्राच्या राजाचा दंड आण, माळाच्या राजाचा दिवा आण, डोंगराच्या राजाची घंटा आण. तिन्ही इथं ठेव. आणि लवकर कर. तुझ्या भावाचं मीठ कोपराच्या वर चढलंय. छातीत पोचलं की तो गेला."

समुद्राचा राजा म्हणाला, "दंड राजतळ्याच्या तळाशी आहे. उजव्या हातानंच निघतो. पण आधी सांग, उद्या तो माझ्या माणसांवर पडेल?"

"पडेल, महाराज."

"तुझ्या माणसावर?"

हाशानं आपल्या पांढऱ्या हाताकडे पाहिलं. "पडेल."

तो पाण्यात उतरला. मिठाचा हात पाण्यात गेला, दंड वर आला, आणि दोन बोटं तळ्यात राहिली.

माळाच्या राजानं दिवा दिला. "हा कापडाआडचं दाखवतो. आधी स्वतःच्या घरात लाव आणि दिसेल ते इथं येऊन सांग. खोटं बोललास तर विझेल." हाशानं भरदुपारी घरात दिवा लावला. कुडाच्या भिंतीपलीकडे पोशा जेवत होता. सदऱ्याआड मीठ खांद्यावर चढून गळ्याखाली उतरलं होतं. हाशा राजाकडे परतला. "माझा भाऊ त्या शेल्यात आहे," तो म्हणाला. "मी रीत म्हणून हात घातला. तो आपखुशीनं आहे." दिव्याची ज्योत हलली नाही.

डोंगराच्या राजानं घंटा काढली. "ही वाजली की तिन्ही राज्यांत ऐकू जाते. तिच्या हाकेला यावंच लागतं. दंड दगडावर टेकला की शेला जळेल, आणि जे जे मीठ झालंय त्याचं पाणी होईल. ह्यात दया ठेवायची असेल तर आत्ताच घंटेला सांग. ती एकदाच ऐकते."

हाशानं घंटेशी तोंड नेलं. वाटभर त्यानं तेच घोकलं होतं. "जो पहिला दगडापाशी येऊन खरं सांगेल, त्याचं अंग पुन्हा हाडामांसाचं व्हावं."

राजानं विचारलं, "पहिला म्हणजे कुणीही?"

"कुणीही, महाराज."

राजा त्याच्याकडे बघत राहिला, पण हाशाच्या डोळ्यांपुढं एकच माणूस होता. त्याला दुसरा कुणी सुचलाच नाही.

घंटेनं ते वाक्य तिन्ही राज्यांत सांगितलं आणि दुसऱ्या दिवसाची सकाळ नेमून दिली. हाशा घरी आला तेव्हा पोशा ओटीवर सुपारी कातरत होता, डाव्या हातानं.

"ऐकलंस?" हाशानं विचारलं.

"सगळ्या मुलखानं ऐकलं. मोठा माणूस झालास दादा. राजाच्या पंक्तीला जेवलास म्हणे."

"पोशा, उद्या उजाडताच चल. पहिला तू उभा राहा."

"आणि वीस जणांच्या पाठीत सुरी घालू? त्यांनी माझ्या पोरीच्या लग्नात वाढलंय."

"तुझ्या छातीला मीठ लागलंय रे."

"दुखत नाही."

"दुखणार नाहीच. हातही दुखला नव्हता."

पोशानं सुपारी तोंडात टाकली. बराच वेळ चघळली. "तूच का नाही जात पहिला? तुझाही हात आहे."

"माझा मनगटापर्यंतच आहे."

पोशानं अडकित्ता मिटला. हाशा आत गेला.

उजाडलं. हाशानं दिवा आणि घंटा दगडापाशी ठेवली आणि दंड हातात घेऊन उभा राहिला. तिन्ही राजे आले, तिन्हीकडचे लोक आले. समुद्राच्या वाटेवर पोशा दिसला. तो झपाझप चालत होता, एका बाजूला झुकून, कारण अर्धं अंग जड झालं होतं. हाशाचा श्वास जरा सुटला.

तेवढ्यात दगडामागून भद्रशेट पुढं आला. तो पहाटेपासून तिथंच बसला होता. खांद्यापर्यंत पांढरा.

"मी पहिला," तो म्हणाला. "शेला मी पसरला. बोटं मी दाबली. एकवीस हात होते. नावं सांगतो." आणि त्यानं एकेक नाव सांगितलं, न अडखळता. पोशाचं नाव नववं होतं.

घंटा आपोआप वाजली. भद्रशेटचं अंग हाडामांसाचं झालं. त्यानं बोटं उघडून मिटून पाहिली, राजांना नमस्कार केला आणि बाजूला उभा राहिला.

लोकांत कुजबूज उठली. समुद्राचा राजा हळू आवाजात म्हणाला, "घंटेनं सांगितलं तसं झालं. आम्हांला बदलता येत नाही." डोंगराचा राजा हाशाकडे बघत नव्हता.

पोशा पोचला. धापा टाकत होता. त्यानं भद्रशेटकडे पाहिलं, मग भावाकडे.

"उशीर झाला वाटतं," तो म्हणाला. "लहानपणापासून उठायला उशीरच माझा. आई म्हणायचीच."

हाशानं दंड दगडावर अधांतरी धरला होता. दंड टेकला नाही तर शेला राहणार, भाव राहणार, ती सुजल्या गळ्यांची मुलं राहणार. टेकला तर पोशा. हाशानं राजांना विचारलं, "दुसरा उपाय?" तिघांनी माना हलवल्या.

"टेक दादा," पोशा म्हणाला. "तीनच बोटांनी किती वेळ धरशील?"

"पोशा..."

"गर्दीतून येताना डोंगरातल्या बायका भेटल्या. एकीनं मला विचारलं, मीठवाले का तुम्ही. मी नाही म्हणालो." त्यानं पागोटं नीट केलं. "टेक."

हाशानं दंड दगडावर टेकला.

दगडापाशी अजून पसरलेला काळा शेला पेटला आणि क्षणात राख झाला. कुणाचा पंजा गळाला, कुणाचा कोपरापर्यंतचा हात. हाशाचा हात मनगटापासून गेला. पोशाचं मीठ छातीत शिरलं होतं; तो सगळाच विरला, उभा होता तिथं ओला सदरा, धोतर आणि पागोटं राहिलं. पाणी दगडाभोवतीच्या मातीत जिरलं. त्या जागी पुढं गवत उगवलं नाही.

त्याच दिवशी बाजारात तीन मिठांचे तीन भाव झाले. डोंगरातल्या बायका टोपल्या भरून घरी गेल्या. भद्रशेट आला त्या वाटेनं गेला. कुणी म्हणतं तो चौथ्या राज्यात आहे. राजांनी नवी घंटा ओतवली. तिच्यात एक वाक्य जास्त घातलं, शेला पसरणाऱ्याला माफी नाही. दगडापाशी तिन्ही राज्यांचा एकेक माणूस दिवा घेऊन बसू लागला, आणि त्या तिघांना शीव नव्हती. सगळं ठीक झालं. ते वाक्य आधी का सुचलं नाही म्हणून कुणी हाशाला बोललं नाही. तो स्वतःच स्वतःला बोलत असे.

पोशाचं दहावं झालं, तेरावं झालं. हाशा मिठागरात गेला नाही. ओटीवर बसे आणि उरलेल्या हातानं धोतराचा काठ चुरगाळत राही. ऊन कडक पडलं होतं, वारा सुटला होता, आणि मीठ बसण्याजोगे दिवस एकामागून एक चालले होते.

एका सकाळी धावजी कुंपण ओलांडून आला. ओटीखाली उभा राहिला. बोलायची सवय मोडली होती, म्हणून त्यानं आधी घसा खाकरला.

"हाशादादा," तो म्हणाला, "पोशाच्या वाफ्यातलं मीठ बसलंय. आज ओढलं नाही तर वाया जाईल. ऊठ. ओढायच्या फळीचं एक टोक तू धर, दुसरं मी धरतो."