झुंजाररावांची 'ना' आणि ठकीची नाव

नावेला भोक पडलं आणि पाच राजांनी सभा भरवली!

नाव होती ठकी नावाडणीची. तिच्या पोटाला तेवढाच आधार. पाच दोस्त राज्यांची सभा दरसाल नदीच्या मधोमध तिच्याच नावेत भरे. कारण एकाही राजाला दुसऱ्याच्या दारी जायचं नसे. करार असा, की पाचांपैकी एकाने 'ना' म्हटलं की बेत रद्द. गेल्या साली भाजी वांग्याची की भोपळ्याची, यावर एकमत होईना. पाचही राजे उपाशी घरी गेले.

यंदा भर सभेत नावेला भोक पडलं आणि पाणी घोट्याला लागलं. ठकी ओरडली, "सरकार, पिंपळघाट जवळ हाय. तितं लावू का नाव?"

"लाव, लाव!" चार राजे म्हणाले.

"ना!" करवंडीचे झुंजारराव गरजले. "पिंपळघाट मल्हारराजांचा. आवतण नाही, वाजंत्री नाही, आणि मी ओल्या धोतराने तिथे चढू?"

"अहो, आत्ता देतो आवतण!" मल्हारराजे काकुळतीला आले. "आणि आम्ही चौघे आहोत. बहुमत आहे!"

"बहुमत? करारात असला शब्दच नाही!" झुंजाररावांनी वल्ह्यावर पाय रोवला. "आणि ठके, तू रडतेस काय? माझी ना मोडून दाखव, मागशील ते देईन!"

"मोडू कशाला, सरकार? पाळते की!" ठकीने डोळे पुसून पदर खोचला. "माझा ठराव ऐका. ही नाव हितंच बुडवावी. कुणाची ना?"

"ना! ना! ना!" झुंजारराव किंचाळले. त्यांना पोहता येत नव्हतं.

"झालं! ना आली, बुडायचा बेत रद्द. करार म्हंजी करार! काढा पाय."

"अगं, पण पिंपळघाटालाही माझी ना आहे!"

"दोन्ही ना तुमच्याच, सरकार. पर दोन्ही काय तरत न्हाईत. कंची बुडवू, तेवढं सांगा!"

पाणी गुडघ्याला आलं. "पिंपळघाटाची! तीच बुडव!" झुंजाररावांनी पाय काढला. ठकीने सपासप वल्हं मारलं आणि नाव घाटाला लागली. चौघे उड्या मारून उतरले. झुंजारराव मात्र वाजंत्रीसाठी अडून बसले, तेव्हा मल्हारराजांनी तांब्या बडवायला घेतला.

तो बडवता बडवताच ते म्हणाले, "ठकीला नवी नाव द्यावी. कुणाची हरकत?"

सवयीने झुंजाररावांचं तोंड उघडलं. "ना…"

ठकीने वल्हं घाटाला टेकवलं आणि नाव हळूच परत नदीकडे ढकलली.

"…व! नाव! नवी करकरीत नाव द्या म्हणतोय मी!" झुंजारराव ओरडले आणि स्वतःचंच ऐकून असे खो खो हसले, की पागोटं पाण्यात पडलं.

ठकीला सागवानी नाव मिळाली. पागोटं बाहेर काढावं की नाही, यावर मात्र पाच राजांची सभा अजून चालू आहे!