अंजनासाठी मागितलेले डोळे

वेत्रवती नगरीवर वेणुदत्त राजाची सत्ता होती, त्या काळी बोधिसत्त्व नगरीबाहेरच्या अरण्यात लाजवंती होऊन जन्मले होते. लाजवंती म्हणजे माकडाच्या कुळातला वीतभर, बिनशेपटीचा जीव. डोळे वाटोळे, मोठाले. दिवसा फांदीला मिठी मारून झोपावे, रात्री किडे वेचावेत, एका झाडावरून दुसऱ्यावर वरच्या वर जावे. भय वाटले की पळणे नाही. आहे तिथेच थिजणे.

राजाला सांजेनंतर दिसत नसे. राजवैद्य पिंगल म्हणाला, "महाराज, अंधारात पाहणाऱ्या लाजवंतीच्या डोळ्यांचं अंजन घाला."

झाले! शिकाऱ्यांनी फांद्या छाटल्या, झाडांची गळामिठी तोडली आणि पिकली उंबरे काढावीत तसे थिजलेले जीव काढून नेले. बोधिसत्त्वांची बहीण गेली. मग तिचे लेकरू नेले.

बोधिसत्त्व संतापले. कधी मातीला पाय न लावणारे ते खाली उतरले आणि भर उन्हात, डोळे दिपलेले, धडपडत राजवाड्यापाशी पोहोचले.

"अरे, औषध आपल्या पायांनी चालत आलं!" पहारेकरी हसला.

"राजा, लेकराला सोड, माझे डोळे घे," बोधिसत्त्व दरबारात म्हणाले. "पण आधी सांग. इतक्यांचे डोळे खलात घोटलेस, काल सांजेला काय दिसलं तुला?"

राजा कपाळावरचे टेंगूळ चाचपू लागला. काल सांजेला तो खांबावर आपटला होता.

"मात्रा अजून पुरी झाली नाही, महाराज," पिंगल घाईने म्हणाला.

"वैद्यबुवा, तुम्ही कधी घातलंत का हो हे अंजन?" बोधिसत्त्वांनी विचारले.

"आम्हाला डोळे बिघडवून कसं चालेल?" पिंगल बोलून गेला.

राजाने स्वतः उठून लेकराचा पिंजरा उघडला. मग ओरडला, "या वैद्याचेच डोळे काढा!"

"मलाही घटकाभर तेच हवंसं वाटलं," लेकराला छातीशी धरून बोधिसत्त्व म्हणाले. "पण मग खल तोच राहील, डोळे तेवढे बदलतील. त्याला अरण्यात धाड. छाटलेल्या झाडांमध्ये आम्हाला जायला-यायला वेली बांधू दे. आणि तूही जा. दिवसा दिसतं ना तुला?"

राजा मान खाली घालून गेला. झाडे पुन्हा एकमेकांना भिडेपर्यंत दोघे वेली बांधत राहिले.

ही हकिगत सांगून तथागत म्हणाले, "तो राजा म्हणजे हा गृहपती सोमिल. तो वैद्य म्हणजे आपल्या विहाराची झाडे राखणारा भिक्षू उदय. ते लेकरू ही भिक्षुणी नंदिनी, आणि ती लाजवंती मी. राग आला तरी त्याच्या हाती खल देऊ नये. हीच क्षमा, हीच क्षांती."