नऊ हाती ओगराळे

आसनगव्हाणच्या जाखाईच्या देवळात शिरल्यावर सभामंडपाच्या तुळईला आडवे टांगलेले जे लांबलचक हत्यार दिसते, ते हत्यार नव्हे. बाहेरगावची मंडळी त्याला भाला म्हणतात, कोणी ध्वजाची काठी म्हणतात. एका गृहस्थांनी तर ते मासे धरण्याचे साधन असल्याचे आपल्या मुलांना ठामपणे सांगितले. आमच्या गावाला नदी नाही. ते आमटी वाढण्याचे ओगराळे आहे. त्याचा दांडा बांबूचा असून तो मोजून नऊ हात भरतो. आठ नव्हे आणि साडेआठही नव्हे. आपण बसून घ्यावे, म्हणजे ते इतके लांब का, ते क्रमाने सांगता येईल.

मानमोडीच्या तापाचे ते वर्ष होते, असे सांगतात. त्या वेळी खालच्या आळीत दोन जावा समोरासमोरच्या घरांत राहत असत. थोरली सुंद्राबाई आणि धाकटी मथुरा. मध्ये बैलगाडी जाईल एवढा रस्ता, आणि सुंद्राबाईच्या बाजूने कमरेइतका दगडी गडगा. दोघींचे नवरे गाडीवान होते. ते माल घेऊन दूरच्या पेठेला गेले आणि साथीमुळे तिकडेच अडकून पडले.

सुंद्राबाईच्या हाताला विलक्षण चव होती. पाच गावांतल्या लग्नांचे मुहूर्त ब्राह्मणाला विचारून धरीत, पण आमटीसाठी सुंद्राबाई मोकळी आहे की नाही, हे त्याच्याही आधी विचारीत. अपत्य नसलेल्या त्या बाईला गावात जो मान होता, तो या एका गोष्टीमुळे होता, आणि ते ती जाणून होती.

मथुरेच्या मुलीच्या बारशाला आमटी अर्थातच सुंद्राबाईने केली. पंगत बसण्यापूर्वी मथुरेने ती चाखली आणि कोणालाही न विचारता तीत गुळाचा खडा टाकला. खडा लिंबाएवढा होता, असे सुंद्राबाईच्या बाजूचे लोक सांगतात. मथुरेच्या बाजूचे लोक तो सुपारीएवढा होता म्हणतात. खडा केवढाही असो, सुंद्राबाई भर पंगतीतून उठली, तडक याच देवळात आली आणि भंडारा उचलून म्हणाली, "जाखाई, आजपासून हिच्या घरात मी पाऊल टाकलं, नाहीतर हिच्याशी तोंडानं बोलले, तर माझ्या हाताची चव जाऊ दे!"

मथुरा मागोमाग आलीच होती. ती म्हणाली, "असली तर जाईल ना!"

त्यानंतर सात वर्षे त्या दोघी एकमेकींशी बोलल्या नाहीत. सांगणे अगदी निकडीचे असेल, तर ते सुंद्राबाईच्या म्हशीमार्फत होई. म्हशीचे नाव काशी. "काशे, त्या बाईला म्हणावं, तुझं वाळवण आमच्या गडग्यावर आलंय," असे इकडून म्हणावे, आणि तिकडून "काशे, गडगा काय त्यांनी माहेरून आणला का, विचार," असे उत्तर यावे. काशी दोन्हीकडे पाहून रवंथ करी.

अशा परिस्थितीत गावात ताप आला. आमच्या गावची एक रीत अशी होती की, कोणी आजारी पडले की सगळ्या गावाने समाचाराला जायचे. नुसते दारातून विचारून चालत नसे. आत जाऊन, अंथरुणाला टेकून, कपाळाला हात लावून, सुपारी खाऊन उठायचे. न जाणाऱ्याला माणुसकी नाही, असे समजत. तेव्हा पहिला ताप खाशाबा पाटलांना आला आणि अठरा माणसे समाचाराला गेली. चौथ्या दिवशी ती अठरा माणसे पडली. त्यांच्या समाचाराला उरलेले गाव गेले. ज्या गावाला इतकी माणुसकी आहे, तेथे तापाला स्वतः चालावे लागत नाही.

सुंद्राबाई मात्र कोठेच गेली नाही. कारण समाचारासाठी फिरणाऱ्या बायकांच्या घोळक्यात मथुरा असे, आणि मथुरा असेल तेथे आपण जायचे नाही, असा तिचा कटाक्ष होता. परिणामी सगळे गाव अंथरुणाला खिळले आणि रुसून घरी बसलेली ती एकटी बाई धडधाकट राहिली.

एके दिवशी सकाळी मथुरेच्या घरातून धूर निघाला नाही. सुंद्राबाईने वाट पाहिली. घरात सात वर्षांची मुलगी आणि चार महिन्यांचा तान्हा होता, हे तिला ठाऊक होते. शेवटी ती काशीला दारात आणून म्हणाली, "काशे, त्या घरातल्या बाईला विचार, चूल का पेटली नाही?"

आतून क्षीण आवाज आला, "काशे, सांग त्यांना, चुलीला ताप आलाय."

"काशे, म्हणावं, जीभ अजून शाबूत आहे, म्हणजे भीती नाही. वाडगा ओट्यावर ठेव म्हणावं."

पाऊल टाकायचे नाही, ही शपथ होती. वाढायचे नाही, अशी नव्हती. सुंद्राबाईने आंबे उतरवण्याच्या बांबूला आपले ओगराळे सुतळीने घट्ट बांधले, त्यात तांदळाची पेज घेतली आणि गडग्यावरून ते पुढे सरकवले. पहिले ओगराळे काशीच्या पाठीवर सांडले. दुसरे रस्त्यात पडले. नऊ हात दांड्याच्या टोकाला भरलेले ओगराळे तोलणे हे लेखणी चालवण्याइतके सोपे नाही. तिसऱ्या खेपेला तिने हाताकडच्या टोकाला पाटा-वरवंट्यातला वरवंटा बांधला, मधला भार काशीच्या पाठीवर टेकवला, आणि पेज थेंबही न सांडता मथुरेच्या वाडग्यात पोहोचली.

"काशे," आतून मथुरा म्हणाली, "मीठ कमी आहे म्हणावं."

सुंद्राबाईला त्या दिवशी फार हायसे वाटले, असे सांगतात.

मग तिच्या ध्यानात आले की, धूर न निघालेली घरे आणखीही आहेत. तिने काशीच्या पाठीवर पेजेचा हंडा लादला आणि दारोदार निघाली. भांडे बाहेर ठेवा, आत जा, मी वाढते, मी गेले की मग बाहेर या, असा तिचा नियम होता आणि तो मोडणाऱ्याच्या डोक्यावर ओगराळे बसे. पाटील खाटेवरून म्हणाले, "सुंद्राबाई, एवढ्या लांबून वाढतेस? मी काय परका आहे?"

"पाटील, तुमच्या समाचाराला आलेली अठरा माणसं आडवी झाली आहेत. आपलेपणा पुरे. पातेलं पुढे करा."

आठवड्याभरात जे उठून बसू लागले, त्यांनाही तिने कामाला लावले. एकाने पाणी भरून दाराबाहेर ठेवायचे, एकाने लाकडे फोडायची, एकाने गुरांना वैरण घालायची. मात्र माणसामाणसांत ओगराळ्याएवढे अंतर सुटले पाहिजे. तात्या गुरवाचे पाय गेले होते, तेव्हा त्याला देवळाच्या ओट्यावर बसवून सकाळी कोणत्या घरातून धूर निघत नाही, ते पाहण्याचे काम दिले. धूर नसला की तात्याने घंटा वाजवायची. समाचार घेणे बंद झाले असे नव्हे. तो पहिल्यांदाच नीट घेतला जाऊ लागला.

नवव्या दिवशी सुंद्राबाई मथुरेच्या ओट्यासमोर आली, तेव्हा आदल्या दिवशीची पेज वाडग्यात तशीच होती. तीवर साय धरली होती.

"काशे, विचार, पेज का खाल्ली नाही?"

उत्तर नाही. तिने तीनदा विचारले. आतून तान्ह्याचे रडणे ऐकू येत होते, तेही थांबले. मुलगी दारात आली आणि म्हणाली, "मोठ्याई, आई उठत नाही."

ओगराळे नऊ हात होते. ओट्यापर्यंत ते पोहोचे; अंथरुणापर्यंत पोहोचत नव्हते.

सुंद्राबाई रस्त्याच्या मधोमध उभी राहिली. भात शिजायला लागतो तेवढा वेळ ती उभी होती, असे म्हणतात. खिडकीखिडकीतून गाव पाहत होते, आणि उंबऱ्याच्या त्या बाजूला तिचे काय जाणार आहे, ते प्रत्येकाला ठाऊक होते. मग तिने ओगराळे खाली ठेवले, पदराने नाक-तोंड आवळून बांधले, उंबरा ओलांडला आणि अंथरुणाशी बसून म्हणाली, "मथुरे, ऊठ. पेज निवतेय."

मथुरेने डोळे किलकिले केले. "काशी कुठंय?"

"काशी बाहेर आहे. मीच बोलतेय."

"मग गेली की हो तुमची चव."

"जाऊ दे. तोंड उघड."

तान्ह्याला तिने म्हशीचे दूध पाणी घालून, उकळून, बोळ्याने पाजले. मथुरेला घोट घोट पेज दिली. तीन दिवस ती त्या घरातून हलली नाही. चौथ्या दिवशी मथुरा भिंतीला टेकून बसली, आणि सुंद्राबाई आडवी झाली.

आता ओगराळे मथुरेच्या हाती आले. तिने पहिले ओगराळे काशीच्या पाठीवर सांडले. त्या पंधरवड्यात काशीने गावाची जी सेवा केली, तिचा उल्लेख पुष्कळ लोक करीत नाहीत. तो केला पाहिजे.

सुंद्राबाई वाचली. गाव उठल्यावर देवीला नैवेद्य ठरला आणि आमटी करायला तिलाच बोलावले. पहिला घास पाटलांनी घेतला. त्यांनी लगेच पाण्याचा तांब्या उचलला आणि तो खाली ठेवला नाही. जाखाईने शब्द खरा केला, असे निम्मे गाव म्हणते. तापाने तिच्या जिभेची चव गेली, त्यामुळे मीठ-तिखट किती पडते ते तिला कळेना, असे उरलेले निम्मे म्हणते. कारण काहीही असो, आमटी तोंडात घालवेना. लग्नाची बोलावणी बंद झाली. कोणी तोंडावर बोलत नसे. पण लोकांचे चेहरे वाचायला जीभ लागत नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिने थोडी आमटी केली, वाटी पदराखाली झाकली आणि रस्ता ओलांडून मथुरेकडे गेली. काशीला सोबत नेले नाही. मथुरेने भातावर आमटी घेतली आणि सगळी खाल्ली.

"खरं सांग," सुंद्राबाई म्हणाली. "कशी झालीय?"

मथुरेने ताट पुढे केले. "आणखी वाढा, जाऊबाई."

हे त्यानंतर बावीस वर्षे रोज चालले होते, असे सांगतात. मथुरेच्या मुलांनी दुपारचे जेवण शेतावर घेण्याची सवय लावून घेतली. मथुरेने मात्र दुपारी कधी घर सोडले नाही आणि कधी एकदाच वाढून घेतले नाही.

आजही कार्तिक वद्य अष्टमीला हे ओगराळे तुळईवरून उतरवतात. ज्या घराशी आपले बोलणे बंद असेल, त्या घराला त्या दिवशी रस्त्यापलीकडून आमटी वाढायची. ज्याचे कोणाशीच वाकडे नाही, तो आदल्या दिवशी शेजाऱ्याकडून लहानसे भांडण मागून आणतो. या कामी आमच्या गावात टंचाई पडल्याचे ऐकिवात नाही. आमटी करणाऱ्याने ती चाखायची नाही आणि खाणाऱ्याने "आणखी वाढा" याखेरीज दुसरा शब्द काढायचा नाही. बहुतेक वेळा आमटी जहाल तिखट होते. पंगतीत पुष्कळांच्या डोळ्यांना पाणी येते, आणि ते तिखटाचेच आहे, असे प्रत्येक जण सांगतो.