डोळा मारणारा फ्लॅश

कॅमेऱ्यात रोल घालायचे तेव्हाची ही गोष्ट. खोटी वाटली तर त्या कॅमेऱ्यालाच विचारा!

जत्रेत हिंदुराव फोटोवाल्याच्या तंबूत म्हातारी भिवरा आणि तिचा धनी केरबा फोटोला बसले होते. दूर सासरी असलेल्या लेकीनं आईबाबांचा फोटो मागितला होता.

हिंदुरावच्या फ्लॅशला भारी मिजास. तो लखकन चमकला, तशी भिवरानं पदरात तोंड लपवलं. "अगं बाई, मेल्यानं डोळा मारला मला! या वयात!"

तो पुन्हा चमकला, पुन्हा पदर. रोलमध्ये आता एकच फोटो उरला.

"माझ्यापायी लेकीला नुसता पदर जायचा," फ्लॅश रडवेला झाला.

"मग गप बस की, चावटा!" कॅमेऱ्याच्या पोटातले, उजेड आत घेणारे अ‍ॅपर्चरकाका म्हणाले. "तू डोळा मीट, मी माझा सताड उघडतो. तंबूतला उजेड पुरे."

"मी मान आत ओढून घेते, म्हणजे दोघं मावतील," झूमताई म्हणाली.

"आणि म्हातारीचे डोळे मी नीट धरतो," फोकस म्हणाला.

फ्लॅशनं जन्मात पहिल्यांदा डोळा मिटला. हिंदुरावनं त्याला दोन टपल्या मारल्या, पण हा ढिम्म!

भिवरानं पदर जरा सरकवला. "झोपला का मेला?"

"झोपला गं. आता बघ माझ्याकडं," केरबा म्हणाला.

तिनं बघितलं आणि ती खुदकन हसली. तेवढ्यात हिंदुरावनं बटण दाबलं.

लेकीला फोटो पोचला. आई डोळे उघडे ठेवून लाजून हसतेय, आणि शेजारी बाबांचा एक डोळा मिटलेला!

फ्लॅश अजून शपथेवर सांगतो, "या वेळी मी नाही हो मारला!"