महाराजांची फुंकणी

धामणगडच्या उग्रसेनराव महाराजांना खेकडे हवे होते आणि बंदूकही हवी होती. पंचाईत अशी, की दोन्ही एका फेरीत जमत नव्हतं.

खाडीपलीकडच्या यमुनाराजे राणीसाहेबांनी दरवर्षीप्रमाणे खेकड्यांच्या जेवणाचं बोलावणं धाडलं होतं. सोबत यंदाचा नवा कायदाही धाडला होता: सहलीच्या होडीतून कोणी बंदूक आणली, तर होडी जप्त! दिवाणजींनी सुचवलं, की बंदूक घरी ठेवावी. त्यानंतर तीन दिवस दिवाणजींना कोणी काही विचारलं नाही.

शेवटी गोमती तांडेल हिला बोलावणं गेलं. तिच्या एकुलत्या होडीवर घरातली सात तोंडं जेवत होती.

"बंदूक माझ्या हातात राहील," महाराज म्हणाले. "लपवायची नाही, झाकायची नाही. कायदाही मोडायचा नाही. आणि मला वेळेवर जेवायला मिळालं पाहिजे."

"आणि होडी जप्त झाली तर?"

"तर तुझी जाईल. माझं काय जातंय?"

"आणि मिया नाय म्हटलंय तर?"

"तर मीच जप्त करतो."

गोमतीने बंदुकीकडे नीट पाहिलं. ठासणीची, लांब नळीची, मागे काडी जाईल एवढं बारीक भोक. "बार भरलेलो नाय मां?" तिने विचारलं. महाराज म्हणाले, की बार ते किनाऱ्यावर उतरल्यावरच भरतात.

सकाळी होडी सुटली. खेकड्यांना जागा राहावी म्हणून महाराजांनी आदल्या रात्रीपासून काही खाल्लं नव्हतं. त्यात भरती उलटी आणि वारा पडलेला. दुपार झाली तरी पलीकडचा धक्का बोटभरच दिसत होता. गोमतीने होडीतली मातीची चूल मांडली, वर पेजेचं मडकं ठेवलं, आणि महाराजांची पाठ वळताच फुंकणी खाडीत सोडून दिली.

"म्हाराजानु, लाकडां ओली आसत. फुकणी पाण्यात पडली. माजे दोनय हात सुकाणवार आसत."

"मग?"

"मग पेज होवची नाय."

महाराजांनी मडक्याकडे पाहिलं, नळीकडे पाहिलं, आणि पोटापुढे मान तुकवली. नळीच्या तोंडाकडून फुंकलं, की मागच्या भोकातून वारा नेमका निखाऱ्यावर जाई. पेज रटरटू लागली. भुकेला माणूस इतकं मन लावून फुंकतो, की होडी धक्क्याला लागली तरी महाराजांना पत्ता नव्हता.

धक्क्यावरचा राणीसाहेबांचा नाकेदार होडीत उडी मारून ओरडला, "बंदूक!"

"खंय?" गोमती म्हणाली. "पंचनामो करा. डोळ्यांनी दिसला तां लिवा."

नाकेदाराने दोन पंच बोलावले आणि लिहायला घेतलं: महाराज चुलीपुढे उकिडवे बसून नळीने विस्तव फुंकीत आहेत, मिशांना राख आहे, मडक्यात पेज आहे. इथवर लिहून तो थांबला.

"तुमच्या कायद्यात फुकणी आणूक बंदी आसा काय?" गोमतीने विचारलं.

नाकेदार कागद मिटणार, तोच महाराज ताडकन उठले. "फुंकणी? अगं, ही सात महालांत नावाजलेली बंदूक आहे!"

झालं! नाकेदाराने होडीचा दोर धरला. एवढी मेहनत करावी आणि मालकानेच माती करावी, याचा गोमतीला असा संताप आला की सांगता सोय नाही.

राणीसाहेब पायऱ्या उतरून आल्या. "बंदूक तर आहेच. गेल्या वर्षी हिनेच माझ्या छत्रीला भोक पाडलं. म्हणून तर कायदा केला."

"लांबून ती बगळ्यासारखी दिसत होती," महाराज पुटपुटले.

गोमतीने दोर नाकेदाराच्या हातातून काढून घेतला. "आयकलास, राणीसायबानु? जेंका छत्री खंयची आणि बगळो खंयचो, तां कळना नाय, तेंनी फुकणी ही बंदूक म्हणान सांगल्यानी, म्हणान माजी होडी जप्त करतलास?"

राणीसाहेब इतक्या हसल्या, की त्यांना पायरीवर बसावं लागलं. पंच हसले, नाकेदार हसला, आणि इतरांचं पाहून महाराजांनाही हसू आवरेना. हसताना मिशांतली राख पेजेत पडली.

गोमतीला राणीसाहेबांनी नवं शीड दिलं. महाराजांनी बोटातली अंगठी काढून दिली. मग राणीसाहेबांनी पंचनाम्याखाली स्वतःच्या हाताने लिहिलं, "फुंकणी एक, खरी," आणि ती मुदपाकखान्यात पाठवून दिली, कारण खेकडे अजून शिजायचे होते.